जुन्या ड्रायव्हरचे संपूर्ण निर्मूलन : कारणमीमांसा आणि पद्धती

संगणकाला जोडलेले एखादे उपकरण काढून कपाटात ठेवले अथवा मोडीत काढले, म्हणजे त्याचा त्या संगणकाशी असलेला संबंध संपला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. एखादा बिऱ्हाडकरू घर सोडून जावा, परंतु त्याच्या नावाची पाटी दारावर, त्याच्या किल्लीची दुसरी प्रत खुंटीवर आणि त्याचे नाव भाडेपुस्तकात तसेच राहावे, तसा काहीसा प्रकार येथे घडतो. उपकरण जाते, परंतु त्याच्यासाठी बसविलेली आज्ञावली, तिच्या नोंदी आणि कित्येकदा तिला दिलेले अधिकारही मागे राहतात. ह्या आज्ञावलीस ड्रायव्हर असे म्हणतात. तो संपूर्णपणे कसा काढावा, आणि त्याआधी तो का व केव्हा काढावा, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी विंडोज १० व विंडोज ११ ह्या ऑपरेटिंग सिस्टिम डोळ्यांपुढे ठेवल्या आहेत. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी प्रयोगशाळांतून ती अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहे. आणि जुन्या ड्रायव्हरचा प्रश्न मुख्यतः अशाच ठिकाणी उद्भवतो. आज्ञा व फाइली ह्यांची नावे येथे उच्चारानुसार दिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांतच टंकित करावयाची आहेत, हे सांगावयास नकोच.

१. ड्रायव्हर मागे का राहतो?

ड्रायव्हर ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि उपकरण ह्यांच्यामधील दुभाषी आज्ञावली होय. मुद्रक, मोडेम, मापनयंत्र ह्यांपैकी प्रत्येकाची भाषा वेगळी. ती ऑपरेटिंग सिस्टिमला समजेल अशा रूपात आणण्याचे काम ड्रायव्हर करतो. हे काम करता यावे म्हणून बहुतेक ड्रायव्हरांना कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, स्थान मिळते. साध्या आज्ञावलीने चूक केली तर ती एकटी बंद पडते. कर्नेलमधील ड्रायव्हरने चूक केली तर सारा संगणकच कोलमडतो. ह्या फरकाचे स्मरण पुढील सर्व विवेचनात ठेवावयास हवे.

१९९५ साली विंडोज ९५ बरोबर ‘प्लग अँड प्ले’ ही पद्धती सर्वसामान्य वापरात आली. उपकरण जोडावे, संगणकाने ते ओळखावे आणि योग्य ड्रायव्हर आपण होऊन निवडावा, हे तिचे सूत्र. पुढे विंडोज व्हिस्टापासून ‘ड्रायव्हर स्टोअर’ नावाचे एक भांडार निर्माण करण्यात आले. बाहेरून आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरचा संपूर्ण संच प्रथम ह्या भांडारात दाखल होतो, त्याची स्वाक्षरी तपासली जाते, आणि मगच तो उपकरणासाठी वापरला जातो. विंडोजच्या फोल्डरातील ‘सिस्टिम ३२’ मध्ये ‘ड्रायव्हर स्टोअर’ आणि त्याखाली ‘फाइल रिपॉझिटरी’ असे त्याचे स्थान आहे.

भांडाराचा हेतू चांगलाच आहे. एकदा दाखल झालेला संच जपून ठेवला, म्हणजे तेच उपकरण वर्षभराने पुन्हा जोडले तरी तबकडी शोधत बसावे लागत नाही. परंतु ज्या गुणामुळे ही सोय झाली, त्याच गुणामुळे अडचणही उत्पन्न झाली. उपकरण कायमचे गेले, हे संगणकाला कसे कळावे? त्याच्या दृष्टीने ते केवळ ‘सध्या जोडलेले नाही’ एवढेच. म्हणून तो वाट पाहत राहतो.

२. अवशेषांची स्थाने

‘संपूर्ण निर्मूलन’ ह्या शब्दप्रयोगाला अर्थ यावयाचा असेल, तर अवशेष कोठे कोठे राहतात हे प्रथम निश्चित केले पाहिजे. अशी पाच स्थाने सांगता येतील.

पहिले स्थान उपरिनिर्दिष्ट भांडाराचे. भांडारात येणाऱ्या परक्या संचाच्या माहिती-फाइलीस विंडोज ‘ओईएम’ हे अक्षर-त्रय व एक क्रमांक मिळून नवे नाव देते. उदाहरणार्थ, ‘ओईएम १२ डॉट आयएनएफ’. निर्मात्याने दिलेले मूळ नाव निराळे असते. पुढील कामात हे नवे नावच उपयोगी पडते.

दुसरे स्थान उपकरणाच्या नोंदीचे. रजिस्ट्रीमधील ‘एनम’ ह्या शाखेत, आजवर जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची नोंद राहते. उपकरण नाहीसे झाले तरी नोंद जात नाही. अशा नोंदींना व्यवहारात ‘भूत-उपकरणे’ म्हणतात, आणि ते नाव अगदीच अनाठायी नाही.

तिसरे स्थान सेवेच्या नोंदीचे. रजिस्ट्रीच्या ‘सर्व्हिसेस’ शाखेत, कोणता ड्रायव्हर कोठून व केव्हा सुरू करावयाचा ह्याची नोंद असते. तेथील ‘स्टार्ट’ हे मूल्य ० असल्यास ड्रायव्हर संगणक चालू होतानाच अगदी आरंभी घेतला जातो; ३ असल्यास गरजेप्रमाणे; आणि ४ असल्यास तो निष्क्रिय असतो.

चौथे स्थान प्रत्यक्ष कार्यकारी फाइलीचे. जुन्या धाटणीचे ड्रायव्हर आपली ‘सिस’ फाइल ‘सिस्टिम ३२’ खालील ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरात उतरवितात. भांडारातील संच काढला तरी ही उतरविलेली प्रत जातेच असे नाही.

पाचवे आणि सर्वांत धोक्याचे स्थान ‘फिल्टर’ नोंदींचे. काही ड्रायव्हर स्वतः कोणतेही उपकरण चालवीत नाहीत. ते दुसऱ्या ड्रायव्हरच्या वर किंवा खाली बसून येणाजाणाऱ्या माहितीवर प्रक्रिया करतात. त्यांची नावे त्या उपकरण-वर्गाच्या ‘अपर फिल्टर्स’ व ‘लोअर फिल्टर्स’ ह्या मूल्यांत लिहिलेली असतात. त्यांविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

३. निर्मूलनाची आवश्यकता

येथे एक प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. हे अवशेष असले म्हणून बिघडले काय? ते काही फार जागा अडवीत नाहीत. वापरात नसलेला ड्रायव्हर बहुधा स्मृतीतही घेतला जात नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी? केवळ ‘स्वच्छता’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. तथापि तीन कारणे खरोखरीच विचारार्ह आहेत.

पहिले कारण निवडीचे. समजा, प्रयोगशाळेतील एक जुने मापनयंत्र आरएस-२३२ ह्या १९६० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या मानकानुसार माहिती पाठविते. नव्या संगणकावर तसे प्रवेशद्वार नसल्यामुळे ते यूएसबी-परिवर्तकाच्या द्वारा जोडले आहे. अशा परिवर्तकांतील काही जुन्या चिप्सना निर्मात्याच्या नव्या ड्रायव्हरचा आधार मिळत नाही. परिवर्तक जोडला की ‘उपकरण सुरू होऊ शकत नाही’ असा अर्थ असलेला कोड १० दिसतो. वापरणारा जुनी, चालणारी आवृत्ती बसवितो. काही दिवस काम चालते आणि एके दिवशी पुन्हा तोच कोड समोर येतो. कारण असे की, एकाच उपकरणासाठी भांडारात दोन संच असले, तर विंडोज त्यांची गुणानुक्रमे तुलना करते. स्वाक्षरी व उपकरण-ओळख ह्या बाबतींत दोन्ही समान ठरले, तर ज्याची तारीख अलीकडची तो निवडला जातो, आणि तारीखही समान असेल तर ज्याची आवृत्ती वरची तो. नको असलेला संच भांडारातून काढल्याखेरीज ही निवड बदलावयाची नाही. येथे काढावयाचा ड्रायव्हर वयाने जुना नसून नवा आहे, हे ध्यानात येईल. परंतु पद्धती तीच.

ह्याच उदाहरणात आणखी एक उपद्रव संभवतो. प्रत्येक परिवर्तकास एक ‘कॉम’ क्रमांक मिळतो आणि भूत-उपकरणे आपापले क्रमांक धरून बसतात. विंडोज असे २५६ क्रमांक देऊ शकते. परंतु कित्येक जुन्या मापन-आज्ञावल्या पहिल्या चारांपलीकडे पाहतच नाहीत. परिवर्तक निरनिराळ्या छिद्रांत जोडत गेल्यास क्रमांक वाढत जातात, आणि शेवटी यंत्र, तार व आज्ञावली ही तिन्ही निर्दोष असूनही प्रयोग अडून राहतो.

दुसरे कारण सुरक्षिततेचे, आणि ते अधिक गंभीर आहे. विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची एक संरक्षक योजना आहे; कर्नेलमध्ये शिरणाऱ्या आज्ञावलीची तपासणी एका वेगळ्या, सुरक्षित कक्षात व्हावी, असे तिचे तत्त्व. भांडारात एखादा जरी विसंगत ड्रायव्हर असला, तरी ती सुरू करण्यास नकार मिळू शकतो. दहा वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या एखाद्या उपकरणाचा अवशेष आज साऱ्या संगणकाचे कवच उतरवून ठेवतो, असा हा विपर्यास आहे.

ह्या बाबतीत २०२५ मधील एक घटना बोधप्रद आहे. ‘एलटीएमडीएम ६४ डॉट सिस’ हा अॅगेर मोडेमचा ड्रायव्हर विंडोजबरोबरच येत असे. टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडण्याचे दिवस मागे पडले. परंतु ही फाइल प्रत्येक आवृत्तीबरोबर पुढे जात राहिली. तिच्यात एक दोष आढळला, व त्याची सीव्हीई-२०२५-२४९९० अशी नोंद झाली. साध्या वापरकर्त्याला प्रशासकाचे अधिकार मिळवून देणारा हा दोष, मोडेम जोडलेला नसतानाही वापरता येत होता, आणि हल्लेखोर तो प्रत्यक्ष वापरीतही होते. मायक्रोसॉफ्टने दोष दुरुस्त करण्याऐवजी १४ ऑक्टोबर २०२५ च्या सुधारणेतून तो ड्रायव्हरच काढून टाकला. त्यावर अवलंबून असलेले फॅक्स-मोडेम ह्यापुढे चालणार नाहीत, असेही स्पष्ट केले. निर्मूलन हाच येथे उपचार ठरला. मात्र त्याची किंमत ज्यांचे जुने यंत्र चालू होते त्यांना द्यावी लागली.

अर्थात ह्या युक्तिवादाची मर्यादाही सांगितली पाहिजे. २०२० च्या फेब्रुवारीत सोफोस ह्या कंपनीने ‘रॉबिनहूड’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. तिच्या कर्त्यांनी गिगाबाइट कंपनीचा, योग्य स्वाक्षरी असलेला परंतु सदोष असा जुना ड्रायव्हर बरोबर आणला आणि त्याच्या आधारे संरक्षक आज्ञावल्या बंद पाडल्या. जो ड्रायव्हर शत्रू स्वतःच बरोबर आणतो, तो आपण आधी काढून काय उपयोग? अशा प्रकारास उत्तर म्हणजे सदोष ड्रायव्हरांची प्रतिबंधित यादी. विंडोज ११ च्या २०२२ मधील आवृत्तीपासून ती सर्वसाधारणपणे चालूच असते. सारांश, निर्मूलन हा संरक्षणाचा एक भाग आहे. संपूर्ण संरक्षण नव्हे.

तिसरे कारण अस्थिरतेचे. मागे राहिलेला फिल्टर ड्रायव्हर दुसऱ्याच, पूर्णपणे निरोगी उपकरणास बंद पाडू शकतो. ह्याचे उदाहरण पाचव्या भागात येईल.

४. पद्धती

निर्मूलनाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. क्रम बदलल्यास काम होणारच नाही असे नाही. परंतु चूक सुधारण्याची संधी मात्र गमावली जाते.

प्रथम पूर्वतयारी. ‘पीएनपी-युटिल’ ही आज्ञा विंडोजमध्येच अंतर्भूत आहे. प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा-खिडकी उघडून ती द्यावयाची असते. तिच्या ‘एक्स्पोर्ट-ड्रायव्हर’ ह्या विकल्पाने भांडारातील एक किंवा सर्व परके संच दुसऱ्या फोल्डरात उतरवून घेता येतात. ही प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. तसेच ‘सिस्टिम रिस्टोअर’चा एक टप्पा नोंदवून ठेवावा. उपकरणाबरोबर आलेली तबकडी हरवलेली असते आणि निर्मात्याची कंपनी कित्येकदा अस्तित्वातही नसते. अशा वेळी भांडारातील संच हीच त्या ड्रायव्हरची आपल्याजवळची एकमेव प्रत असू शकते. ती न राखता काढून टाकणे म्हणजे हस्तलिखिताची एकमेव पोथी वाचून झाली म्हणून जाळण्यासारखे आहे.

दुसरी पायरी निर्मात्याच्या स्वतःच्या आज्ञावलीची. उपकरणाबरोबर काही आज्ञावल्या व पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवा बसविल्या असतील, तर त्या ‘सेटिंग्ज’मधील स्थापित आज्ञावल्यांच्या यादीतून काढाव्यात. निर्मात्याने आपण कोठे काय ठेवले ह्याची जाणीव ठेवून काढण्याची व्यवस्था केली असेल, तर पुढचे बरेचसे काम येथेच संपते. ही पायरी गाळून आधी फाइली पुसल्यास ती व्यवस्था निकामी होते.

तिसरी पायरी ‘डिव्हाइस मॅनेजर’ची. त्यातील ‘व्ह्यू’ ह्या सूचीतून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ हा विकल्प निवडावा. म्हणजे न जोडलेली उपकरणे फिकट चिन्हांनी दिसू लागतात. त्यांच्या गुणधर्मांत कोड ४५, म्हणजे ‘उपकरण जोडलेले नाही’, असा शेरा आढळतो. मात्र ह्या यादीत फिकट दिसणारी प्रत्येक नोंद निरुपयोगी असते असे समजू नये; नित्य वापरातील पेन-ड्राइव्हही काढल्यावर तेथे फिकटच दिसतो. नको असलेली नोंद निवडून ती ‘अनइन्स्टॉल’ करावी, आणि त्या वेळी ड्रायव्हरही काढण्यासंबंधी विचारणा करणारी चौकट असल्यास तीत खूण करावी. ही खूण केली नाही तर केवळ नोंद जाते; संच भांडारात राहतो, आणि उपकरण पुन्हा जोडताच तोच ड्रायव्हर परत येतो. ‘मी ड्रायव्हर काढला, पण तो पुन्हा आला’ ह्या नित्य तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते. भूत-उपकरणाची नोंद काढल्यावर त्याने अडविलेला कॉम क्रमांकही बहुधा मोकळा होतो.

चौथी पायरी भांडाराची. ‘पीएनपी-युटिल’ला ‘एनम-ड्रायव्हर्स’ हा विकल्प दिल्यास सर्व परक्या संचांची यादी मिळते. प्रत्येक संचाचे ओईएम-नाव, मूळ नाव, पुरवठादार, वर्ग, आवृत्ती व तारीख तीत असते. ह्या यादीतून आपला संच निश्चित करावा. ‘मेमरी इंटिग्रिटी’ने एखाद्या ड्रायव्हरला हरकत घेतली असेल, तर विंडोज सिक्युरिटीमधील विसंगत ड्रायव्हरांच्या यादीत तेच ओईएम-नाव मिळते. मग ‘डिलीट-ड्रायव्हर’ हा विकल्प, त्यापुढे ते नाव आणि शेवटी ‘अनइन्स्टॉल’ हा विकल्प, अशी आज्ञा द्यावी. ‘फोर्स’ नावाचा आणखी एक विकल्प आहे. वापरात असलेला संचही तो जबरीने काढतो. त्याचा उपयोग अगदी अखेरचा उपाय म्हणूनच करावा. आज्ञा नकार देते, तेव्हा त्या नकारामागे बहुधा कारण असते. ते शोधणे हे सक्तीपेक्षा शहाणपणाचे होय.

ओईएम-क्रमांक हा त्या त्या संगणकापुरताच असतो, हेही ध्यानात ठेवावे. एका संगणकावरील ‘ओईएम १२’ आणि शेजारच्या संगणकावरील ‘ओईएम १२’ ह्यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नसतो. एका ठिकाणी टिपून घेतलेली आज्ञा दुसरीकडे जशीच्या तशी देणे म्हणजे भलत्याच्याच घराला कुलूप ठोकणे होय.

पाचवी पायरी उरलेल्या सेवेची. संगणक पुन्हा सुरू करून ‘ड्रायव्हर-क्वेरी’ ह्या आज्ञेने यादी घ्यावी. काढलेल्या ड्रायव्हरचे नाव तीत अद्याप असेल, तर त्याची सेवा-नोंद शिल्लक आहे असे समजावे. ती एकदम पुसण्यापेक्षा तिचे ‘स्टार्ट’ मूल्य ४ करून काही दिवस पाहावे हे उत्तम. काही अडले नाही, तर मग नोंद व तिने निर्देशिलेली सिस फाइल काढावी. परंतु तत्पूर्वी तीच फाइल दुसरे एखादे उपकरण वापरीत नाही, ह्याची खात्री करून घ्यावी.

उपकरण जोडलेले ठेवूनच त्याचा एखादा ड्रायव्हर टाळावयाचा असेल, तर विंडोज अपडेट तो पुन्हा आणून बसवील, ही शक्यता राहते. त्यासाठी सुधारणांबरोबर ड्रायव्हर न घेण्याचे धोरण ठरविण्याची सोय विंडोजच्या व्यावसायिक आवृत्त्यांत आहे.

५. फिल्टर ड्रायव्हरांविषयी सावधगिरी

तबकड्या लिहिण्याची आज्ञावली काढून टाकली आणि डीव्हीडी-यंत्रच संगणकातून नाहीसे झाले, हा अनुभव एके काळी अनेकांना आला. यंत्रात काही दोष नसे. आज्ञावलीने आपला फिल्टर ड्रायव्हर त्या वर्गाच्या नोंदीत बसविलेला असे. आज्ञावली गेली, फाइलही गेली, परंतु फिल्टरचे नाव राहिले. विंडोज यंत्र सुरू करताना त्या नावाचा ड्रायव्हर शोधी, तो न सापडल्यामुळे साखळी अपुरी राही, आणि यंत्रापुढे कोड १९ किंवा कोड ३९ दिसे. ह्यावर उपाय म्हणजे ते नाव फिल्टर्सच्या मूल्यातून काढणे.

डीव्हीडी-यंत्राच्या बाबतीत हानी तेवढ्यापुरतीच राहते. परंतु डिस्क अथवा कळफलक ह्यांच्या वर्गात असा फिल्टर असून त्याची सिस फाइल हाताने पुसली, तर संगणकाचा आरंभच अडू शकतो; प्रारंभिक डिस्कच हाती न लागल्याचा संदेश देऊन तो थांबतो. म्हणून नियम असा : आधी फिल्टर्सच्या यादीतून केवळ ते एक नाव काढावे, नंतर सेवा निष्क्रिय करावी आणि फाइलीस सर्वांत शेवटी हात लावावा. यादीत विंडोजची स्वतःची नावेही असतात. संपूर्ण मूल्य पुसून टाकण्याचा मोह टाळावा.

६. लिनक्सशी तुलना

हीच समस्या लिनक्समध्ये वेगळ्या रूपात दिसते. तेथे बहुतेक ड्रायव्हर कर्नेलच्या संग्रहातच, सुट्या ‘मोड्यूल’च्या रूपाने येतात. ‘मॉडप्रोब’ ह्या आज्ञेने मोड्यूल स्मृतीतून काढता येतो. पण ते काढणे संगणक पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकते. तो पुन्हा आपोआप येऊ नये म्हणून त्याचे नाव वर्ज्य-यादीत घालावे लागते, आणि आरंभीच्या स्मृति-प्रतिमेत त्याचा अंतर्भाव असल्यास ती प्रतिमा नव्याने बांधावी लागते. बाहेरून ‘डीकेएमएस’ द्वारा बसविलेला मोड्यूल त्याच व्यवस्थेकडून काढवावा लागतो. नाहीतर प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर तो पुन्हा बांधला जातो. स्मृतीतून काढणे, निवडीतून वगळणे आणि संग्रहातून पुसणे ह्या तीन निराळ्या क्रिया आहेत, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे. ‘काढला’ ह्या एका क्रियापदाने आपण तिन्हींचा बोध करून घेतो, आणि गोंधळाला तेथेच आरंभ होतो.

७. उपसंहार

शेवटी एका प्रश्नाचा निर्देश करणे अवश्य आहे. विद्यापीठीय प्रयोगशाळेत असे एखादे यंत्र असते की, ज्याची बरोबरी करणारे नवे यंत्र विकत घेण्यास निधी नाही, ज्याचा ड्रायव्हर जुना व कदाचित सदोष आहे, आणि ज्याच्या मापनांवर एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध अवलंबून आहे. येथे ‘काढा’ किंवा ‘ठेवा’ असे सरसकट उत्तर देणे अनुचित ठरेल. ज्याचे यंत्रच उरले नाही, तो ड्रायव्हर ठेवण्यास काहीही समर्थन नाही. परंतु ज्याचे यंत्र चालू आहे, त्याच्यासाठी एक संगणक वेगळा काढावा, तो जाळ्यापासून तोडावा, ड्रायव्हरच्या संचाची प्रत व तिची आवृत्ती यंत्राच्या नोंदवहीत लिहून ठेवावी, आणि इतर सर्व संगणकांवरून मात्र तो ड्रायव्हर काढून टाकावा, हा मार्ग मला सर्वांत युक्त वाटतो.

यंत्र मोडीत काढताना जडसंग्रह-वहीतील त्याची नोंद आपण रीतसर रद्द करतो. त्यासाठी समिती बसते, सह्या होतात. त्याच दिवशी संगणकावरील त्याची नोंदही रद्द करण्याचा प्रघात प्रत्येक विभागाने पाडला, तर वर सांगितलेल्या खटाटोपाची वेळ क्वचितच यावी.